झोपेची वही

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. आम्ही नवरा-बायको. आमच्यापैकी एक मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात तीन मुलांना आणि म्हाताऱ्या सासूबाईंना घेऊन राहते. दुसरा नऊ वर्षांपासून दोह्यात एका गोदामात हिशेब लिहितो आणि सहा जणांच्या खोलीत राहतो. आपल्या किनाऱ्यावर अशी घरे काही कमी नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी हेच चित्र असेल. थोडा मजकूर इकडून, थोडा तिकडून, असा हा लेख फोनवर तयार झाला, म्हणून सगळीकडे 'आम्ही' असेच लिहिले आहे. चूकही दोघांचीच होती, त्यामुळे तेच बरोबर आहे.

गोष्ट २०२४ च्या सप्टेंबरमधली. आमचा मुलगा चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. घरापासून पाच मिनिटांवर शाळा, साडेदहाला भरायची. पाचवीला आम्ही त्याला शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. दोह्याच्या पगारातून फी भरायची, व्हॅनचे पैसे भरायचे, पण पोराने पुढे जावे ही इच्छा. नवी शाळा सकाळी साडेसातला भरते. व्हॅन गावागावांतून मुले गोळा करत जाते, म्हणून आमच्या फाट्यावर ती सहा पस्तीसला येते.

पहिले दोन महिने कौतुकात गेले. ऑगस्टपासून शाळेच्या डायरीत शेरे येऊ लागले. लक्ष देत नाही. वर्गपाठ अपुरा. घटक चाचणीचा गणिताचा पेपर घरी आला तेव्हा मागचे पान कोरे होते. विचारले तर म्हणाला, "वेळ पुरला नाही." आम्ही रागावलो. दोह्यातून फोनवर जे बोलले गेले ते इथे लिहायलाही लाज वाटते: तुझ्यासाठी आम्ही इथे उन्हात मरतो आणि तू पान कोरे ठेवतोस? पोराने काही उत्तर दिले नाही. नंतर सकाळी सकाळी त्याचे पोट दुखू लागले. आम्ही डॉक्टरांकडे नेले, रक्त तपासले, डोळे तपासले. सगळे ठीक निघाले. लोहाचे औषध सुरू झाले. शेजारची एक चाची म्हणाली, नजर लागली असेल. दादी मात्र ओसरीवर बसून सगळे बघत होती. ती एवढेच म्हणाली, "पोराक झोप गावना नाय, तेका औषद कसला देतास?"

म्हातारीचे बोलणे आम्ही कानाआड केले.

मग तो दिवस आला. व्हॅन दोन वाजेपर्यंत मुलांना सोडते. अडीच वाजले तरी पोरगा आला नाही. व्हॅनवाल्याला फोन लावला, उचलला नाही. फाट्यावर उतरलेल्या दुसऱ्या मुलाच्या घरी विचारले, तो म्हणाला, "व्हॅनमध्ये होता ना तो." पायात चप्पल न घालता आमच्यातली एक कोळंबच्या पुलाकडे धावत सुटली. खाडीला भरती होती. त्या वेळी मनात काय काय आले ते आई असलेल्या कुणालाही सांगायला नको. दोह्यात आमच्यातला दुसरा फोन हातात धरून गोदामाच्या दारात उभा होता आणि काहीच करू शकत नव्हता.

तीन वीसला व्हॅनवाल्याचा फोन आला. तो रडकुंडीला आला होता. मुले सोडून त्याने गाडी आपल्या अंगणात फणसाखाली लावली होती आणि जेवायला घरात गेला होता. दुसऱ्या फेरीसाठी गाडी काढायला आला तर मागच्या बाकावर आडवा पडून आमचा मुलगा गाढ झोपलेला. आडवा झाल्यामुळे आरशात दिसला नव्हता. झाडाची सावली होती, काच चार बोटे उघडी होती. अल्लाहने राखले. घामाने भिजलेले पोर घरी आले, पाणी प्यायले आणि पुन्हा झोपले ते मगरिबच्या अजानपर्यंत.

व्हॅनवाल्यावर ओरडावे असे आम्हाला वाटले होते. पण संध्याकाळी त्याच व्हॅनमधल्या मुलांना आम्ही विचारले की उतरताना तुम्ही त्याला उठवले का नाही, तेव्हा एक मुलगी सहज म्हणाली, "तो रोजच झोपतो. त्याच्या फाट्यावर ड्रायव्हरकाका उठवतात."

रोजच झोपतो. हे त्या मुलीला माहीत होते, ड्रायव्हरला माहीत होते. आम्हाला, आई-बापांना, माहीत नव्हते.

त्या रात्री आम्ही एक शंभर पानी वही काढली आणि सात दिवस फक्त दोन गोष्टी लिहायच्या ठरवल्या: पोरगा झोपला किती वाजता, उठला किती वाजता. आमच्यातला जो हिशेब लिहून पोट भरतो त्याचीच ही कल्पना. आठव्या दिवशी बेरीज केली. रोज सरासरी रात्री अकरा वीसला झोप आणि पहाटे पाच वीसला उठणे. म्हणजे सहा तास.

हे सहा तास कसे उरले तेही वहीत आपोआप दिसले. दोनला घरी, जेवण. तीनला इंग्रजीची शिकवणी. तिथून साडेचारला गणिताची शिकवणी. मगरिबनंतर मक्तब, ते इशापर्यंत. इशानंतर जेवण, मग शाळेचा गृहपाठ, तो साडेदहापर्यंत. आणि साडेदहाला दोह्याचा फोन. तिथे तेव्हा आठ वाजलेले असतात, ड्युटी संपवून, आंघोळ करून, जेवणाआधीची ती वेळ. अब्बांचा चेहरा बघितल्याशिवाय तिन्ही मुले झोपत नसत. फोन चालायचा वीस मिनिटे, पण त्यानंतर मोबाइल मुलांच्याच हातात राहायचा आणि तेवढ्यात अकरा वाजून जायचे. वहीत लिहिलेले बघून आम्हाला कळले की आमच्या मुलाच्या झोपेत सगळ्यांनी थोडा थोडा हात घातला होता. शाळेने, शिकवण्यांनी, गृहपाठाने, मोबाइलने. आणि सगळ्यात शेवटी आम्ही, प्रेमाने.

आमची एक नणंद शेजारच्या तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. ती म्हणाली, "तुमच्या धाकटीला सरकारचा नियम सांभाळतो, मोठ्याला नाही." हा नियम बऱ्याच पालकांना ठाऊक नाही, म्हणून सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्या वेळचे राज्यपाल रमेश बैस यांनी एका कार्यक्रमात म्हटले की घराघरांत आता सगळेच उशिरा झोपतात, मुले मध्यरात्रीपर्यंत जागी असतात, आणि शाळेसाठी मात्र त्यांना पहाटे उठावे लागते, तर शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला. सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या व्यवस्थापनांच्या शाळांनी पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. बसवाल्यांनी, दोन पाळ्यांच्या शाळांनी, नोकरी करणाऱ्या काही आई-बापांनी कुरकुर केली, पण आदेश निघाला ही चांगली गोष्ट झाली.

आता आमच्या घरात बघा. धाकटी मुलगी दुसरीत, गावातल्या शाळेत. ती फजरला उठली तरी नमाजनंतर परत तासभर आडवी होते, साडेनऊला न्याहारी करून उड्या मारत शाळेत जाते. मुलगा ज्या वर्षी हा नियम लागू झाला त्याच वर्षी पाचवीत गेला, म्हणजे नियमाच्या बाहेर पडला. एकाच छपराखाली एकाची शाळा साडेसातला आणि दुसरीची साडेदहाला.

नणंदेने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला नवीन होती. आम्ही समजत होतो की लहान मुलाला जास्त झोप लागते आणि मोठा झाला की पहाटे उठायची सवय आपोआप होते. अभ्यासकांना याच्या उलट दिसले आहे. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्कॅडन यांनी या विषयावर कित्येक वर्षे काम केले आहे. मूल वयात येऊ लागले की त्याच्या शरीरातले घड्याळ पुढे सरकते. झोप आणणारा मेलाटोनिन नावाचा द्रव शरीरात सुटतो, तो या वयात रात्री उशिरा सुटू लागतो. म्हणून बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला लवकर झोप येत नाही आणि पहाटे त्याचे डोळे उघडत नाहीत. तो आळस नव्हे, त्या वयाचा तो धर्मच आहे. त्यात मोबाइलचा उजेड डोळ्यांवर पडला की हे घड्याळ आणखी पुढे जाते.

झोप किती हवी याचाही हिशेब आहे. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये सगळे संशोधन एकत्र बघून सांगितले की सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास, आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. आमच्या दहा वर्षांच्या मुलाला कमीत कमी नऊ तास हवे होते. मिळत होते सहा. रोजची तीन तासांची उधारी. ती कुठे फिटत होती? व्हॅनच्या मागच्या बाकावर.

शाळा उशिरा भरवली तर काय होते, हेही बघितले गेले आहे. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ सकाळी ७.५० वरून ८.४५ केली. अभ्यासकांनी दोन शाळांतल्या मुलांच्या मनगटाला झोप मोजणारी यंत्रे बांधली. शाळा उशिरा झाली तर मुले आणखी उशिरा झोपतील अशी शंका सगळ्यांनाच असते. तसे झाले नाही. मुलांना रोज ३४ मिनिटे जास्त झोप मिळाली. ज्या विज्ञानाच्या वर्गात तपासले तिथले गुण साडेचार टक्क्यांनी वाढले. त्यातल्या एका शाळेत गरीब घरांतली मुले जास्त होती, तिथे उशिरा येणे आणि गैरहजर राहणेही कमी झाले. पुढे कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा केला आणि २०२२ पासून तिथल्या बहुतेक हायस्कुलांना साडेआठच्या आधी वर्ग भरवता येत नाही. सिॲटल आणि मालवण एक नव्हे, हे आम्हालाही कळते. पण दहा वर्षांचे पोर तिथे आणि इथे सारखेच असते.

इथे घरातल्या थोरांचा एक प्रश्न आला, आणि तो योग्यच होता. मग फजरचे काय? मुलाला झोपू द्यायचे म्हणून नमाज सोडायची का? सात वर्षांच्या मुलाला नमाजची सवय लावा, ही आपली शिकवण. आम्ही यावर खूप विचार केला. फजर ही अडचण नव्हतीच. गावातल्या शाळेत असताना तो फजरला उठायचा आणि नंतर परत झोपायचाही. अडचण होती रात्री नऊ ते अकरा या दोन तासांत, आणि तीच वेळ आपल्याला आधीच सांगून ठेवली आहे. इशानंतर गप्पागोष्टीत रात्र घालवणे पैगंबरांना (स.) आवडत नसे, हे हदीसमध्ये आहे. दुपारच्या वामकुक्षीला, कैलूल्याला, सहाबांच्या दिनक्रमात जागा होती. कुरआनात सूरह नबामध्ये झोप विश्रांतीसाठी दिल्याचे सांगितले आहे. आणि हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांचा प्रसंग तर प्रसिद्ध आहे. ते दिवसभर रोजे ठेवत आणि रात्रभर इबादत करत. पैगंबरांनी (स.) त्यांना बोलावून समजावले की शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, डोळ्यांचाही हक्क आहे. इबादतीसाठी जागणाऱ्यालाही जिथे डोळ्यांच्या हक्काची आठवण दिली गेली, तिथे आम्ही पोराच्या डोळ्यांचा हक्क गणिताच्या दुसऱ्या शिकवणीसाठी मारत होतो.

मग आम्ही कामाला लागलो. एक शिकवणी बंद केली. गणिताची ठेवली, इंग्रजीची सोडली. दोनला घरी आल्यावर जेवण, जोहरची नमाज आणि चाळीस मिनिटे झोप. मक्तबच्या मौलानांना जाऊन भेटलो. वाटले होते, ते ऐकणार नाहीत. पण ते म्हणाले, "पेंगणाऱ्या मुलाला मी रोज तोच सबक तीनदा देतो. माझाही वेळ जातो." शहरातल्या शाळेत जाणाऱ्या चार मुलांना त्यांनी असरनंतर बोलावले. मगरिबनंतरचा वेळ गृहपाठाला मोकळा झाला. जेवण इशाच्या आधी. इशा झाली की सगळे मोबाइल स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यावर, मोठ्यांचेसुद्धा. नऊला दिवा बंद.

नऊ ते पाच वीस म्हणजे आठ तास वीस मिनिटे, आणि दुपारची चाळीस मिनिटे. नऊ तास झाले. कागदावर हिशेब जुळला.

जुळत नव्हता तो फक्त दोह्याचा फोन.

हे लिहायला सगळ्यात जड आहे. जो माणूस वर्षाकाठी एक महिना घरी येतो, त्याच्यासाठी ती रात्रीची वीस मिनिटे म्हणजे घर. सहा जणांच्या खोलीत वरच्या बंकवर पडून पोरांचे चेहरे बघायचे, धाकटीचा पडलेला दात बघायचा, आणि मग झोपायचे. साडेदहाचा फोन बंद करायचा, हे कुणी कुणाला सांगायचे? आमच्यात त्यावर चार दिवस अबोला झाला. दोह्यातल्याला वाटले, आपल्याला घरातून काढून टाकताहेत. गावातलीला वाटले, पोराच्या जिवापेक्षा यांना फोन मोठा. पाचव्या दिवशी वहीची पाने फोटो काढून पाठवली. त्याने ती दोनदा वाचली. सात दिवसांपैकी सहा दिवस, झोपेच्या वेळेच्या आधीच्या रकान्यात 'अब्बांचा फोन' असे लिहिलेले होते. मग तोच म्हणाला, "चार वाजता चहाची सुट्टी असते. पंधरा मिनिटे. तेव्हा बोलतो." दोह्याचे चार म्हणजे आपले साडेसहा. गोदामाच्या मागच्या भिंतीशी, ट्रकच्या आवाजात, तो आता पंधरा मिनिटे बोलतो. जुम्याला सुट्टी असते, त्या दिवशी निवांत.

शाळेतही गेलो. पालकसभेत आम्ही विचारले की पाचवीच्या पुढचे वर्ग साडेआठला भरवता येतील का. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांची अडचण खरी होती. इमारत एक, पाळ्या दोन. लहान मुलांना नऊच्या आधी बोलवायचे नाही असा नियम आला, म्हणून मोठ्यांना सकाळी लवकर बोलावून खोल्या रिकाम्या कराव्या लागतात. म्हणजे बघा, लहानांसाठी झालेल्या चांगल्या नियमाचे ओझे मोठ्यांच्या झोपेवर पडले, आणि पहाटे उठणे ज्या वयाला शरीरानेच अवघड केले आहे, नेमके त्याच वयावर. यात मुख्याध्यापकांचा दोष नाही. दोष असेल तर तो नियम चौथीवर थांबण्यात आहे. खोल्या, बस, शिक्षक यांचा विचार करून तो पुढे नेला पाहिजे. त्यांच्या हातात होते ते मात्र त्यांनी केले. घटक चाचण्या पहिल्या तासाला घेणे बंद केले, आता त्या तिसऱ्या तासाला असतात. छोटी गोष्ट आहे, पण पहिल्या तासाला पेंगणारा आमचा एकटाच नव्हता.

इथे लेख संपवला असता तर बरे दिसले असते. पण आमची दुसरी चूक सांगायची राहिली आहे.

आमची थोरली मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिची वही आम्ही लिहिलीच नाही. ती कधी पेंगली नाही, तिच्या डायरीत शेरा आला नाही, तिचे पोट दुखले नाही. मार्च २०२५ मध्ये रमजान आला आणि दहावीची परीक्षा आधीच सुरू झाली होती, म्हणजे पुढचे पेपर रोज्यांत आले. तरावीहनंतर घर आवरून ती अकराला पुस्तक घेऊन बसायची. सहरीसाठी मुलगा साडेचारला उठायचा, त्याला आम्ही शेवटच्या क्षणापर्यंत झोपू द्यायचो, कारण त्याच्या झोपेचा आता धडा शिकलो होतो. मुलगी पावणेचारला उठून आईबरोबर भाकऱ्या थापायची. एका पेपरच्या सकाळी ती घोड्यावर भाकरी भाजता भाजता, तव्यासमोर उभीच झोपली आणि मनगट भाजले. दादीने तिचा हात पाण्यात धरला आणि आमच्याकडे बघितले. काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती.

त्या दिवसापासून सहरीचे काम वाटून घेतले. रात्रीच भाकऱ्या करून ठेवायच्या, सहरीला मुलाने पाणी आणि ताटे मांडायची, मुलीने पेपर असेपर्यंत सव्वाचारच्या आधी उठायचे नाही. हे आधी का सुचले नाही? कारण मुलाची झोप घराची चिंता झाली होती आणि मुलीची झोप कुणाच्या खात्यातच नव्हती. आपल्या घरांत मुलींची झोप कोण मोजतो, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे तसाच ठेवतो.

मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली, अल्हम्दुलिल्लाह. त्या वर्षी दहावीला राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला आणि आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकण मंडळाचा ९८.८२ टक्के, राज्यात पहिला. त्याच्या आदल्या वर्षी तो ९९.०१ टक्के होता. आपल्या दोन जिल्ह्यांना याचा अभिमान आहे आणि तो असावा. पण या आकड्याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून बघावा. एनसीईआरटीने २०२२ मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना त्यांच्या मनाविषयी विचारले, तेव्हा ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. निकाल आपण मोजतो, पेपरात छापतो. त्या निकालासाठी पोर किती रात्री जागले, ते कुठल्याच पेपरात येत नाही. ते घरातच मोजावे लागते.

आता मुलगा सहावीत आहे. तो वर्गात पहिला आला नाही, येईल असेही नाही. गणितात पासष्टच्या आसपास असतो. पण पेपरचे मागचे पान कोरे नसते. सकाळचे पोटदुखणे दिवाळीच्या सुट्टीनंतर थांबले ते थांबलेच. लोहाची बाटली अर्धी तशीच राहिली. व्हॅनमध्ये तो आता खिडकीपाशी बसतो आणि सर्जेकोटच्या बाजूला किती होड्या लागल्या ते मोजतो. जेवताना बोलतो. हा मुलगा इतका बोलका आहे, हे आम्ही विसरलो होतो.

सगळे दिवस सारखे जात नाहीत. लग्नसराईत, पाहुणे आले की, मॅच असली की वेळापत्रक मोडते. रमजानमध्ये तर सगळेच बदलते. शाळा अजून साडेसातलाच भरते. पण मोडले तर दुसऱ्या दिवशी दुपारी झोप वाढवायची, एवढे घरात सगळ्यांना ठाऊक झाले आहे.

फोनचे काय झाले, तेही सांगतो. नऊला दिवा बंद करायच्या आधी तिन्ही मुले अब्बांना एक एक निरोप बोलून पाठवतात. आज काय शिकलो, कुणाशी भांडलो, जेवायला काय होते. दोह्यात आठ वाजता, बंकवर पडल्यावर, ते निरोप कानाला लावून ऐकले जातात. उत्तर द्यायचे नाही, कारण तिकडे मुले झोपलेली असतात. एकदा मुलाचा निरोप दोन मिनिटांचा आला. पहिली तीस सेकंदे तो बांगड्याच्या कालवणाबद्दल बोलत होता, नंतर नुसता श्वास ऐकू येत होता. बोलता बोलता त्याला झोप लागली होती. तो निरोप आम्ही पुसलेला नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, मुले ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे, हे आपण नेहमी म्हणतो. त्या अमानतीचा एक छोटा हिशेब आपण सात दिवस ठेवून बघावा. घरातल्या प्रत्येक मुलाचा आणि मुलीचाही. झोपले किती वाजता, उठले किती वाजता. डॉक्टर बदलण्याआधी, शाळेवर रागावण्याआधी, पोराला आळशी म्हणण्याआधी. सात दिवसांच्या वहीला दहा रुपये पुरतात. आठव्या दिवशी बेरीज आपल्या हाताने करावी. आणि घरात एखादी दादी ओसरीवर बसून काही सांगत असेल, तर पहिल्याच वेळी ऐकावे.